सदतिसावी खोली

चिमट्यात धरलेला दात त्याने मेणाच्या हिरडीत अलगद बसवला, एक डोळा मिटून रांग सरळ आहे का ते पाहिलं, आणि तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा थरथरला. सकाळपासूनची ही नववी खेप. कामाच्या टेबलावर फोन काढायचा नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम होता आणि आजवर तो त्याने एकदाही मोडला नव्हता. आज मोडला. मेण लागलेल्या अंगठ्याने त्याने पडदा जागा केला, आकडा बघितला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"अरे बापरे!"

पलीकडे कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याने चाक थांबवलं.

"काय, मोडली?"

"तीनशे अकरा."

"काय तीनशे अकरा?"

"माणसं," तो म्हणाला. "माझ्या मुंगीला तीनशे अकरा माणसांनी घरी नेलंय."

पॉलिशवाल्याने त्याच्याकडे, मग समोरच्या कवळीकडे पाहिलं आणि मेणाचा धूर डोक्यात गेला असावा अशा समजुतीने चाक पुन्हा सुरू केलं.

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारा हा माणूस गेली अकरा वर्षं पहाटे साडेपाच ते सात या वेळात, घरातली मंडळी उठायच्या आत, कॉम्प्युटरवर खेळ लिहीत असे. शिकायला कुठे गेला नव्हता. एक जुनं पुस्तक, पुष्कळ चुका आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर तो शिकला होता. खेळ तयार झाला की तो एका संकेतस्थळावर ठेवायचा. तिथे त्याच्यासारखेच हौशी लोक आपापले खेळ फुकट वाटत बसलेले असत. तिथलं त्याचं नाव होतं 'दाढ'. या दाढेने आजवर आठ खेळ वाटले होते. त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ चाळीस जणांनी उतरवून घेतला होता, आणि त्या चाळिसांतले पाच जण म्हणजे वेगवेगळी नावं घेतलेला आपला मेहुणाच असावा, असा त्याला दाट संशय होता.

नवव्या खेळाचं नाव 'उजवी मुंगी'. मुंगीने साखरेचा दाणा उचलून बिळापर्यंत न्यायचा, एवढंच. मात्र ही मुंगी फक्त उजवीकडे वळते. डावीकडे वळणं तिला ठाऊकच नाही. त्यामुळे हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या बिळात शिरायलाही तिला अख्ख्या खोलीला वळसा घालावा लागतो. अशा चाळीस खोल्या त्याने रचल्या होत्या. एकेक वीट हलवत, दात बसवतात तशी, आठ महिने.

दुपारच्या सुट्टीपर्यंत आकडा पाचशेवर गेला. त्याने डबा उघडला आणि तसाच ठेवून दिला. दुसऱ्यांचे खेळ खेळून त्यावर बोलणाऱ्या कुण्या बाईने आपल्या कार्यक्रमात 'उजवी मुंगी' दाखवली होती. "डोक्याला शॉट आहे, पण सोडवत नाही," असं ती म्हणाली होती. हे वाक्य त्याने पॉलिशवाल्याला तीनदा ऐकवलं.

"ही शिवी आहे की कौतुक?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"दोन्ही!" तो म्हणाला आणि हसतच सुटला.

घरी जाताना तो दोन स्टॉप आधीच उतरला, कारण बसमध्ये स्वस्थ बसवेना. दार उघडलं तेव्हा बायको नुकतीच तलावावरून आली होती. ती मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. गळ्यातली शिट्टी अजून तशीच होती आणि ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला होता.

"अगं, बस. आधी बस."

"का? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. आलेत. नऊशे जण आलेत."

तिने टॉवेल सोडला, फोन हातात घेतला आणि आकडा नीट वाचला. मग गळ्यातली शिट्टी तोंडात धरून अशी फुंकली, की शेजारच्या घरातला पंखा बंद झाल्यासारखी शांतता झाली. पाठोपाठ भिंतीवर कुणीतरी दोनदा थोपटलं.

"माफ करा हो," ती भिंतीला म्हणाली, "आमच्याकडे मुंगी पावली!"

पुढचे दोन-तीन दिवस त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी उठल्याउठल्या तो पत्रं वाचायचा. कुणी लिहिलं होतं, मी डावखुरा आहे, हा खेळ माझा अपमान आहे, मी तेविसाव्या खोलीत पोचलोय. कुणाच्या सासूबाई मुंगीला 'उचल बाई, उचल' म्हणत ओरडत होत्या. कवळ्या बनवताना त्याला ही सवय नव्हती. तिथे तोंडं यायची ती प्लास्टरची, वर नंबर टाकलेली. कवळी जायची ती डब्यातून. नंतर त्या दातांनी कोण काय चावत असेल, त्याची गंधवार्ता नाही. इथे मात्र चावणारे उलट बोलत होते.

गुरुवारपासून पत्रांत एकच तक्रार वाढायला लागली. सदतिसावी खोली. 'सदतीस सुटत नाही.' 'सदतीसमध्ये काही राहिलंय का?' 'दाढसाहेब, सदतिसाने आमचे दात घशात घातले.'

हे वाचून त्याची छाती फुगली. सदतिसावी ही त्याचीसुद्धा सगळ्यात लाडकी खोली होती. त्याने सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं, 'सुटते. मी स्वतः सोडवली आहे. धीर धरा आणि डोकं लावा.'

"फार शहाणपणाचं वाटतंय," बायको पाठीमागून वाचत म्हणाली.

"आहेच मुळी शहाणपणाचं."

"मी शिकवताना असं म्हणत नाही. बुडणाऱ्याला धीर धरा म्हटलं तर तो मला धरतो."

सोमवारी एक लांबलचक पत्र आलं. खाली सहीच्या जागी 'मधली' एवढंच होतं. ते त्याने आधी मनात वाचलं, मग बायकोला हाक मारून मोठ्याने वाचलं.

'मी जनावरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. दुपारी गर्दी नसते तेव्हा मुंगी खेळते. आम्ही तिघी बहिणी, तिघी तीन गावांत. आई गेली त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं, त्याला चार वर्षं झाली. कारण सांगण्यासारखं नाही, आणि खरं सांगू का, आता ते नीट आठवतही नाही. गेल्या गुरुवारी मी सदतिसाव्या खोलीत इतकी अडकले, की वैतागून ताईला फोन लावला. ताई शाळेत भूमिती शिकवायची. मी हॅलो न म्हणताच विचारलं, ताई, फक्त उजवीकडे वळता येत असेल तर काय करायचं? ती म्हणाली, फरश्या किती बाय किती आहेत? शुक्रवारी तिने धाकटीला विचारलं. धाकटी जमिनीचे नकाशे काढते. आता रोज संध्याकाळी तिघींचा फोन एकत्र असतो. चौकटीच्या कागदावर तिघींनी खोली काढली आहे. भांडतो, पण मुंगीवरून. येत्या रविवारी दोघी ताईकडे जाणार आहोत, समोरासमोर बसून सोडवायला. तुम्ही लिहिलंय, सुटते. तेवढं पुरे. उत्तर सांगू नका हं, हात जोडते.'

बायकोने टेबलावरचा माउस उगाचच सरळ करून ठेवला.

"चार वर्षं," ती म्हणाली.

"आणि हॅलोसुद्धा न म्हणता!" त्याला बसवत नव्हतं, तो खोलीभर फिरत होता. "फरश्या किती बाय किती, म्हणे! बघ ना, काय डोकं आहे बाईचं. पहिला प्रश्न तोच विचारायला हवा."

त्या आनंदाच्या भरात दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला वाटलं, आपणही एकदा सदतिसावी खोली खेळावी. रचणारा म्हणून नव्हे, त्या तिघींसारखी, पहिल्यापासून. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि मुंगी सोडली.

सहा वाजता तो गालातल्या गालात हसत होता. साडेसहाला हसू मावळलं. पावणेसातला त्याने कागद घेतला. वाट त्याला पाठ होती. खांबाला वळसा, मग मधल्या विटेला टेकून उजवीकडे, मग सरळ बिळात. पण मधल्या विटेपाशी आलं की मुंगी एक फरशी पुढे जाऊन अडत होती. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

त्याने खेळाच्या जुन्या प्रती काढल्या आणि शेजारी शेजारी लावल्या. मग त्याला ते दिसलं. मधली वीट एक घर डावीकडे सरकलेली होती. कुणी सरकवली ते विचारायची गरज नव्हती. खेळ संकेतस्थळावर ठेवायच्या आदल्या दिवशी, सगळं तपासून झाल्यावर, ती वीट डोळ्याला खटकते म्हणून त्याने स्वतःच ती रांगेत आणली होती. एकवीस वर्षं दात रांगेत बसवायची सवय. नंतर पुन्हा खेळून बघितलं नव्हतं.

सदतिसावी खोली सुटतच नव्हती. कुणालाच सुटणार नव्हती.

"अगं," त्याने हाक मारली, पण आवाज एवढा बारीक निघाला की बायको पुढचं ऐकण्याआधीच काळजीने उठून आली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

"एक मिनिट. वीट एक घर उजवीकडे."

"मग करा की."

"आणि लिहिलंय ते? मी स्वतः सोडवलीय म्हणून? धीर धरा, डोकं लावा?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "दोन हजार माणसं भिंतीवर डोकं आपटतायत, आणि मी वरून सल्ला देतोय!"

"म्हणूनच म्हणाले होते."

"म्हणाली होतीस," तो म्हणाला. "मान्य."

त्या दिवशी लॅबमध्ये त्याने एका कवळीचे सुळे उलटे बसवले आणि पॉलिशवाल्याने ते वेळेत पाहिले म्हणून निभावलं. माफीचं निवेदन तो मनातल्या मनात जुळवत होता. दुपारी ते फोनवर लिहून काढलं, आणि पाठवणार तोच आणखी एक पत्र आलं. हे सगळ्यांना दिसणारं नव्हतं, फक्त त्याच्यासाठी होतं.

'मी मधलीची थोरली बहीण. आपली सदतिसावी खोली सुटत नाही, हे आपल्याला माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही. मला शनिवारीच कळलं. सोबत सिद्धता जोडली आहे, दीड पान आहे, तपासून घ्यावी. मधली वीट चुकली असावी. मी दोघींना सांगितलेलं नाही. उलट, रोज एखादी नवी वाट सुचल्याचं सोंग करते आणि ती पुढे बंद आहे हे त्यांना शोधू देते. खोटं बोलायची मला सवय नाही, पण फोन येत राहावा असं वाटतं. रविवारी दोघी येणार आहेत. तेवढा रविवार जाऊ द्याल का?'

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने सिद्धता तपासली. पेन्सिलीने काढलेले सुबक चौकोन होते, बाण होते, शेवटी 'म्हणून अशक्य' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. त्याच्या खेळाला इतक्या आदराने आजवर कुणी खोटं ठरवलं नव्हतं. सगळं बिनचूक होतं, आणि संकटात असूनही त्याच्या अंगावर आनंदाने काटा आला.

"आता?" बायकोने विचारलं.

"तूच सांग. रविवारपर्यंत गप्प बसलो तर या तिघींचं भलं होईल. पण बाकीच्यांचं काय? त्यातही कुणी असेल. कुणी आजारी असेल, कुणी हट्टाला पेटलं असेल. मी सुटते म्हणालोय, म्हणून जेवण सोडून बसलं असेल."

"आणि सांगितलंत तर रविवार बोंबलेल."

"बोंबलेल."

ती बराच वेळ गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीला गाठ मारत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "एक सांगू? ज्यांना भेटायचंय ना, ते भेटतात. तुम्ही आपली वीट सरळ करा."

त्याने वीट एक घर उजवीकडे नेली. या वेळी खोली सात वेळा खेळून पाहिली आणि नवी प्रत वर चढवली. निवेदन मात्र छोटं लिहिलं. 'सदतिसावी खोली सुटत नव्हती. चूक माझी. मी सोडवली होती ती वेगळी खोली होती. तुम्ही सगळे बरोबर होता, मी नव्हतो. नवी प्रत ठेवली आहे.' थोरलीला वेगळं कळवलं, 'क्षमा करा, राहवलं नाही. सिद्धता निर्दोष आहे.'

शिव्या पडतील म्हणून त्याने फोन उशीखाली घातला. सकाळी काढला तर शिव्या होत्याच, पण लाडाच्या. एकाने लिहिलं होतं, मी वेडा नाही हे बायकोला दाखवायला तुमचं निवेदन छापून घेतलंय. आकडा तीन हजारांवर गेला होता. थोरलीचं एका ओळीचं उत्तर होतं, 'केलंत ते योग्यच. मी अर्थातच काही वाचलेलं नाही.'

दुपारी मधलीचं पत्र आलं. हेही या वेळी फक्त त्याच्यासाठी होतं.

'तुमचं निवेदन वाचलं. रडू आलं आणि मग हसू. एक विनंती आहे. ताई आणि धाकटी ती साइट बघत नाहीत, त्यांच्याकडे मी पाठवलेली जुनी प्रत आहे. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. ताईला कळलं तर ती म्हणेल, चूक सापडली ना, मग संपलं, आता यायचं कशाला? ताई फार सरळ आहे हो. तिला खोटं जमत नाही. तुम्ही कृपा करून तिला काही कळवू नका.'

पत्र हातात धरून तो लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. पॉलिशवाला चहा घेऊन आला तेव्हा याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे गदगदत होते.

"अरे, झालं काय?"

"काही नाही," तो कसाबसा म्हणाला. "एक फार सरळ बाई आहे."

शुक्रवारी तिसरं पत्र आलं. सगळ्यात छोटं.

'मी धाकटी. नवी प्रत उतरवून घेतली. सदतिसावी अकरा मिनिटांत सुटली, चाळिसावीही झाली. छान आहे. शेवटी जिंकणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला सांगता, मी घातलेलं नाही, तुम्हीही घालू नका. माझ्या बहिणींना अजून वाटतंय की कोडं अवघड आहे. रविवारी मी जुनीच प्रत घेऊन जाणार होते, पण तीत कधीच सुटणार नाही, मग परत कधी भेटायचं ते ठरेल का कोण जाणे. सुटली तर निदान एकदा मिठी मारता येईल. म्हणून गुपचूप नवी घेऊन जाते. कुणाला बोलू नका.'

त्याने कुणाला सांगितलं नाही. म्हणजे बायकोला सांगितलं, पण ते सांगण्यात धरत नाहीत.

रविवार मोठा कठीण गेला. त्याने दहाव्या खेळाचं काम काढलं आणि चार ओळी लिहून पाच खोडल्या. बायको तलावावरून आली, तिने विचारलं, "आलं काही?" तो नाही म्हणाला. दुपार टळली. त्याने कपाटातली सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. बायकोने येऊन पुन्हा विचारलं, "आलं?"

"तू का एवढी घायकुतीला आलीयेस?"

"मी? मी कुठे?" म्हणत ती त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली ती उठलीच नाही.

साडेपाचला फोन थरथरला. मधलीने फोटो पाठवला होता. जमिनीवर पसरलेले चौकटीचे कागद, कुणाच्या तरी मांडीवर लॅपटॉप, आणि तीन बायका. एक पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली. एक चष्मा कपाळावर चढवलेली. तिसरीचं तोंड दिसतच नव्हतं, कारण तिने ते पहिलीच्या खांद्यात खुपसलं होतं. खाली लिहिलं होतं, 'सुटली! तिघींनी मिळून सोडवली. साडेतीन तास लागले!'

दोघंही तो फोटो मोठा करून, पुन्हा लहान करून बघत राहिली. मग बायकोने फोन त्याच्या हातात दिला, कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचा खेळ स्वतः उघडला. थेट सदतिसावी खोली मागितली. तो शेजारी श्वास रोखून बसला. ती दोनदा चुकली, एकदा स्वतःशीच पुटपुटली, मग खांब, मधली वीट, उजवीकडे, आणि दाणा बिळात.

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, ही तर वीस मिनिटांत सुटते."

"हो," तो म्हणाला. "एकट्याने खेळलं तर सुटते."